खंडेनवमीला झोपवलेला सर्व्हर

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. सगळ्या कॉम्प्युटरना एकदम व्हायरस लागला आणि शेठ वैतागले. विंडोजऐवजी चालणारं लिनक्स फुकट मिळतं आणि त्याला व्हायरस लागत नाही, एवढं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. औरंगाबादहून एक माणूस आला, त्यानं सर्व्हर मांडून दिला, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक टेबलावर आदळलं आणि तो गेला. जालन्यात आम्हाला विचारायला दुसरं कुणीच नव्हतं.

"दसऱ्यापर्यंत हात बसवा, मॅडम," शेठ म्हणाले. "न्हाईच जमलं तर मंग मला ऑपरेटर आणावा लागंल."

गोड बोलून दिलेली नोटीसच होती ती. घरी माझ्या लग्नाची घाई चालली होती. 'नोकरी सुटली की बार उडवून टाकू' असं माझ्यासमोरच बोललं जायचं. मला तेव्हा लग्नही नको होतं आणि दुसऱ्याच्या मर्जीनं घरी बसणं तर मुळीच नको होतं.

अंबडहून येताजाता एसटीत ते पुस्तक मांडीवर असायचं. निम्मं डोक्यावरून जाई. आधीच्या कॉम्प्युटरवर माऊसनं टिचकी मारली की काम होत होतं; इथं काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा, आणि एक अक्षर इकडचं तिकडं झालं की मशीन तोंडावर नकार देई. पासवर्ड टाइप करताना तर पडद्यावर साधा ठिपकासुद्धा उमटत नसे. पहिल्या दिवशी मी कीबोर्ड बिघडला समजून तो उलटा करून झटकला होता. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, त्यामुळे त्या मशीननं माझ्या शिव्या भरपूर खाल्ल्या. पण हळूहळू ते माझं ऐकायला लागलं.

रब्बीच्या तोंडावर आमच्याकडे गहू-हरभऱ्याच्या लॉटांची उगवण तपासायचं काम चाले. ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे, मोड आलेले मोजायचे. हे काम प्रयोगशाळेतल्या मदतनीस मावशी करायच्या. त्या आकडा सांगत, मी तो सर्व्हरमध्ये भरत असे. त्यावरून पोत्यांची लेबलं छापली जात आणि लेबलाशिवाय पोतं फाटकाबाहेर जात नसे. शेठनी हौसेनं कागदावर लिहिणं बंदच करून टाकलं होतं. भरलेल्याची नक्कल काढून ठेवायची असते, ते प्रकरण पुस्तकात फार पुढं होतं. तिथवर मी पोचले नव्हते.

खंडेनवमीला प्लांटमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. मावशींनी सर्व्हरलाही हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी नमस्कार करून बस पकडायला पळाले. दसऱ्याची सुट्टी संपवून परत आले, तर सर्व्हर बंद होता.

"मावशी, लाइट गेल्ती का?"

"न्हाई वो ताई. म्याच तुमी गेल्यावर मेन स्विच पाडला. त्या दिशी हत्याराला हात लावायचा नसतो, आन् हे रातंदिस घुं घुं करून राह्यलं. म्हणलं, यालाबी इसावा पायजे."

त्यांना काय बोलणार? आमच्या घरीसुद्धा त्या दिवशी विळा-कुऱ्हाड पाटावरच असते. हे हत्यार असं एकाएकी झोपवायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी बटण दाबलं. अक्षरं भराभर वर सरकली आणि अर्ध्यातच थांबली. डिस्कमध्ये गोंधळ आहे, पासवर्ड देऊन हातानं दुरुस्त करा, असं मशीन म्हणत होतं. बाहेर ट्रक येऊन लागला होता. शेठ माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले.

"जल्दी करा, मॅडम. सगळे लॉट यातच हाएत. पुन्हा दाणे भिजवायचे तर आठवडा जाईन, पेरणी काय थांबती व्हय?"

पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आत गेले आणि दुरुस्तीचा हुकूम दिला. मशीन एकेक गोष्ट विचारू लागलं: हे तुटलंय, जोडू का? ह्याचा ठावठिकाणा लागत नाही, काय करू? 'हो' म्हटल्यावर काही फाइली कायमच्या जाऊ शकतात, असं पुस्तकात लिहिलं होतं. पण 'नाही' म्हटलं तर सर्व्हर उठणारच नव्हता. 'हो', 'हो', 'हो' करत गेले.

सर्व्हर उठला. पण लॉटांची फाइल जागेवर नव्हती.

"गेलं?" शेठनी विचारलं. हरवलेल्या फाइली गोळा होतात असा एक कप्पा असतो, हे मी एसटीत वाचलं होतं. तिथं नावं नव्हती, नुसते नंबर होते. एकेक उघडत गेले. सगळा कचरा. आणखी कचरा. मग एकदम गहू, हरभरा, मावशींनी सांगितलेले सगळे आकडे. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. प्रिंटर खडखडायला लागला, मावशींनी लेबलं फाडायला घेतली.

तेवढ्यात बॅग घेतलेला एक तरुण दारात आला. औरंगाबादचा ऑपरेटर. शेठनी माझा निकाल लागण्याआधीच त्याला बोलावून ठेवलं होतं. त्यानं पडद्याकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, मला हे लिनक्स येत नाही."

शेठ माझ्याकडं वळले. "मंग असं करा मॅडम, तुमी याला शिकवा. याला इंचार्ज करू. तुमचं काय, उद्या लग्न होईन."

माझ्या अंगाची आग आग झाली. "शिकवते की, शेठ," मी म्हणाले. "पण याला दुसरी खुर्ची आणा. या खुर्चीवर मी बसते."

प्रिंटर थांबला होता. शेठ स्वतःच बाहेर गेले आणि वॉचमनचं स्टूल उचलून घेऊन आले.