पहिल्या पाळीत थांबणारा माग

जो सर्वांच्या आत सूत्ररूपाने नांदतो, त्या श्रीहरीला वंदन करतो. खरे लिहिण्याइतके धैर्य त्याने माझ्या लेखणीला द्यावे, एवढे मागून श्री. वसंतराव कांबळे यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त चार शब्द लिहितो.

अंबरनाथच्या आमच्या कापड कारखान्यात संगणकावर चालणारे माग आले, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीसाठी वसंतराव उल्हासनगरहून येऊ लागले. मी तेथे कापड तपासनीस होतो. पहिल्याच भेटीत त्यांनी इंग्रजी माहितीपुस्तक माझ्यापुढे ठेवले. "बुवा, तुम्ही पोथ्या वाचता म्हणे. हीसुद्धा वाचा. मला अर्धीच कळते." मी वाचली. मला तेवढीही कळली नाही.

या मागांत हवेच्या झोताने आडवा धागा फेकला जातो. तो पोहोचला की नाही, हे दुसऱ्या कडेचा काचेचा बारीक डोळा पाहतो. न दिसल्यास माग थांबतो. खंडेनवमीनंतर चार क्रमांकाचा माग रोज सकाळी थांबू लागला. पडद्यावर 'धागा तुटला' असे उमटे, आणि धागा तर अखंड. असलेले नाही कसे दिसते, या विचाराने मी चक्रावलो. दुपारपाळीत मात्र माग सुरळीत चाले.

"सकाळीच का थांबतो? माणूसच गडबड आहे," शेठ म्हणाले. सकाळी त्या मागावर सोनिवलीचे भोईर असत.

"शेट, धागा आखा हाय. तुमीच बगा ना."

"शनिवारपर्यंत बघतो. मग तू घरी बस."

वसंतरावांनी हवेचा दाब बदलला, पडद्यावरच्या वेळा पुन्हा बसवल्या. शेजारच्या मागाचा डोळा काढून येथे लावला आणि येथला तेथे. दुसऱ्या सकाळी शेजारचा माग चालला, हा थांबलाच. शनिवारी ते पाळीच्या आधीच येऊन उभे राहिले. नवमीपासून मी रोज त्या मागाची पूजा करीत असे. डोळा म्हणजे देवतेचे मुख, असे मानून त्या काचेवरच ओले गंध लावीत असे. दुपारपर्यंत ते वाळून झडून जाई.

माझे स्तोत्र संपेपर्यंत ते थांबले. मग हळूच म्हणाले, "बुवा, याला दिसायला हवं. गंध जरा वर, चौकटीवर लावू या." काच त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसली. शेठ आल्यावर म्हणाले, "डोळ्यावर धूळ बसत होती. साफ करायची माझीच राहिली. भोईरांचा दोष नाही."

शेठ त्यांना सर्वांसमक्ष बोलले. मी शेजारी उभा होतो. गप्प राहिलो.

वसंतराव बुद्धवंदना करणारे. माझी पूजा त्यांची नव्हे. तरी पुढे दर सोमवारी चौकटीवर खडूने गोल काढून ते गंधाची जागा दाखवून ठेवीत. सत्याची थोरवी मी जन्मभर वाचली. पण त्यांच्या त्या असत्याला काय म्हणावे, हे मला आजही उमगत नाही. माझ्या मौनाला काय म्हणावे, ते मात्र ठाऊक आहे.

म्हणून येथे लिहून ठेवतो: भोईर, ती धूळ नव्हती. ते माझे गंध होते. वसंतरावांनी तुमची नोकरी राखली आणि माझी अब्रूही.

वसंतरावांना उदंड, निरामय आयुष्य लाभो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी सुखशांती नांदो, आणि आपली चूक वेळेवर बोलून दाखवण्याचे बळ श्रीहरी सर्वांना देवो.