सुभद्राबाईचा पितळी डबा

१९६७ सालचा मे, नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत कडक नऊ दिवस, लागला तो दिवस. त्याच दिवशी मी लॅबमध्ये अटेंडंट म्हणून रुजू झालो. शिक्षण चौथी. पुढे नोकरीभर तिथेच राहिलो.

लॅबमध्ये दोनच गोष्टी साठतात. एक नमुने, दुसरे किस्से. नमुने जाळायची तारीख ठरलेली असते. किस्से कोणी जाळत नाही, म्हणून ते उरले.

नागपूरच्या रामदासपेठेत एका जुन्या बंगल्याच्या मागे आमच्या तीन खोल्या होत्या. आमचे मुख्य डॉक्टर हरकरे. पोलिओचा विषाणू तोंडातून पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि एखाद्या लेकराचा पाय घेऊन जातो. डॉक्टर त्याला लेकरांच्या शीमध्ये शोधत. म्हणजे आमचा सगळा माल शीच! आधीच सांगून टाकतो. जेवत वाचणाऱ्याने ताट बाजूला ठेवावे.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, "डोमाजी, घाण वाटेल का?"

मी म्हणालो, "घरी पाच लेकरं आहेत साहेब. तिथे हेच काम फुकट करतो!"

* * *

नमुने गोळा करायला आम्ही जीपने रामटेककडच्या गावांत जायचो. आदल्या दिवशी घरोघरी डब्या वाटायच्या, दुसऱ्या दिवशी भरलेल्या घ्यायच्या.

एका गावात सुभद्राबाई नावाची बाई होती. तिचा दोन वर्षांचा रघू तापाने फणफणला आणि ताप उतरला तेव्हा त्याचा डावा पाय लुळा पडला होता. डॉक्टरांना त्याचाच नमुना हवा होता, पण तिच्या घरापर्यंत पोचलो तोवर डब्या संपल्या. डॉक्टर म्हणाले, "बाई, घरातलं कोणतंही झाकणाचं भांडं चालेल."

दुसऱ्या दिवशी तिने पितळी डबा आणून दिला. चिंचेने घासलेला, लखलखीत. वर नाव कोरलेले, "चि. सौ. कां. सुभद्रा हिस मामाकडून". नागपूरचे डॉक्टर येणार म्हणून तिने घरातले सर्वांत चांगले भांडे काढले होते!

डॉक्टरांनी जीपमध्ये झाकण उघडले आणि हळूच लावले.

"डोमाजी, ह्यात लाडू असायला हवे होते."

* * *

रघूच्या नमुन्यात विषाणू सापडला. त्यानंतर तो डबा मी दाबाच्या वाफेत दोनदा शिजवला, राखेने घासला, चिंचेने उजळला. पंधरा दिवसांनी परत करायला निघालो. डॉक्टरांना त्यांच्या आईने शिकवले होते की दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये. त्यांनी त्यात पेढे भरले.

सुभद्राबाईने झाकण उघडून पाहिले.

"पेढे काहून आणले, डाक्टरसाब? माह्या घरी कोणतं गोड झालं?"

तिने झाकण लावले आणि डबा डॉक्टरांपुढे धरला.

"भरूनच द्यायचा असंन तर माह्या पोट्ट्याच्या पायाचं औषध भरून आणा."

"पायाचं औषध नाही, बाई. जगात कुठेच नाही."

"मंग कायचं हाय?"

"दुसऱ्या लेकराला होऊ नये, त्याचं आहे. तोंडात टाकायचे थेंब. पण ते अजून तुमच्या गावापर्यंत पोचले नाहीत."

"पोचले का तेच भरून आणजा. तवरोक डबा तुमच्यापाशी. रिकामा मी नाई घेत, अन् पेढ्याचा तर नाईच नाई."

डॉक्टर म्हणाले, "आणीन."

परतीच्या वाटेवर पेढे मी आणि ड्रायव्हर दौलतने खाल्ले. डॉक्टरांनी एकही घेतला नाही. दौलतने डबा ओळखला तेव्हा त्याच्या पोटात चार पेढे गेले होते! रामटेक ते नागपूर तो मला एकच प्रश्न विचारत होता.

"डोमाजी, खरं सांग गा. दोनदा शिजवला ना?"

* * *

रामटेकच्या माकडांचा किस्सा सगळे सांगतात, पण चुकीचा सांगतात. मी तिथे होतो.

गडाच्या पायथ्याशी जीप उभी होती. एका माकडाने नमुन्यांच्या पिशवीतून डबी उचलली, झाडावर नेली, झाकण उपटले, आत बोट घातले आणि नाकाशी नेले. मग आमच्याकडे असे पाहिले, जणू आम्हीच चोर. डबी फेकली. खाली उतरले आणि दगडावर दोन्ही हात घासघासून पुसले.

डॉक्टरांनी टोपी काढली.

"दोन वर्षं गावोगाव सांगतोय, हात स्वच्छ करा. पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं!"

* * *

पुढे तपासणीसाठी लॅबमध्ये थोडी लस यायला लागली. लस म्हणजे बर्फाची पोर. उन्हाळ्यात फ्रीज वारंवार उघडला की गेली कामातून. आणि नागपूरच्या मे महिन्यात एकच फ्रीज असेल तर काय होते? कोणी पाण्याची बाटली ठेवतो, कोणी पन्हे. एकाने तर चक्क डांगर, म्हणजे अख्खे खरबूज ठेवले!

मी सगळे बाहेर फेकले आणि फ्रीजला साखळी लावून कुलूप घातले. किल्ली करगोट्याला.

दुपारी डॉक्टर उन्हातून आले. "डोमाजी, एक ग्लास थंड पाणी."

"माठात आहे."

"फ्रीजमधलं दे."

"फ्रीज उघडणार नाही."

"अरे, मी लॅबचा हेड आहे!"

"लॅबचे आहात. फ्रीजचा मी आहे."

ते माठाचे पाणी प्यायले. त्यानंतर त्या फ्रीजकडे त्यांनी पाण्यासाठी कधी पाहिले नाही.

पण एकदा मीच चुकलो. रामटेककडे निघताना म्हणालो, "साहेब, आतली एक बाटली घेऊ. डबा देऊन टाकू, मोकळे होऊ."

डॉक्टरांचा आवाज मी त्या एकदाच चढलेला ऐकला. "ही तपासणीची आहे. चांगली की खराब, मलाच माहीत नाही. ही त्या बाईच्या घरात घालू?"

मी किल्ली पुन्हा करगोट्याला बांधली.

* * *

सुभद्राबाई दर फेरीला भेटायची. दारात उभी राहून विचारायची, "आणलं का?"

"नाही, बाई."

"बरं." आणि चहा ठेवायची.

एका वर्षी दिल्लीचे एक साहेब सामानाची तपासणी करायला आले. सगळे रजिस्टरमध्ये सापडले. फळीवरचा पितळी डबा मात्र त्यात सापडेना.

"ये किसका है?"

डॉक्टर म्हणाले, "एका बाईचा. परत करायचा आहे."

"तो कर दीजिए!"

"तेच करतोय, साहेब. दहा वर्षं झाली. ही एवढी लॅब त्याच्याचसाठी चालू आहे."

साहेबांनी दौलतकडे पाहिले. दौलत म्हणाला, "दो बार उबाला हुआ है, साब!"

* * *

१९८२ चा मे, पुन्हा नवतपा. थेंब गावोगाव द्यायचा हुकूम आला होता. सुभद्राबाईची मोठी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, तिची पोरगी तीन महिन्यांची झाली होती.

दौलत लकडगंजच्या आरागिरणीतून दोन पोती भुसा घेऊन आला. पेटीत भुसा, भुशात बर्फ. डॉक्टर स्वतः स्टुलावर चढले आणि फळीवरून डबा काढला. मी करगोट्याची किल्ली सोडली. डब्यात बर्फ घातला, बर्फात बाटल्या रोवल्या, झाकण लावले आणि डबा पेटीत ठेवला. वाटेत दौलतला चहालाही थांबू दिले नाही.

रघू सतरा वर्षांचा झाला होता. काठी टेकत जीपपाशी आला, डबा ओळखला आणि हसला.

"बाप्पा! पंधरा वर्षं नागपुरात राहून आला हा! मले तर कोणी एक दिवस नेलं नाई!"

सुभद्राबाईचे केस पिकले होते. ती दारातच उभी होती. या वेळी तिने काही विचारले नाही. डॉक्टरांनी डबा तिच्या हातात दिला. तिने झाकण उघडले. आतून गार वाफ आली. बर्फात बोटभर उंचीच्या बाटल्या उभ्या होत्या.

"पोट्टीले आण वं," तिने मुलीला हाक मारली.

डॉक्टरांनी नातीच्या तोंडात दोन थेंब सोडले. तिने तोंड वाकडे केले आणि गिळले. मग शेजारची आली, मग तिच्या शेजारची. दुपारपर्यंत आळीतली सगळी लेकरे झाली. बाटल्या संपल्या, बर्फाचे पाणी झाले.

सुभद्राबाईने ते पाणी तुळशीला घातले आणि डबा पदराने पुसला. घरात फळीवर पितळी डब्यांची रांग होती. रांगेत मधे एक जागा मोकळी होती. तिने तिथे डबा ठेवला आणि चहाचे आधण चढवले.