सावधान उशिरा आलं

आमच्या लिंबायतच्या गल्लीत कुणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं म्हणायला फुईच लागायची. फुई म्हणजे माझी आत्या. नवरा-नवरीची नावं, आईबापांची नावं, गाव, गोत्र, सगळं ती वृत्तात बसवायची. एका नवरदेवाची बमरोलीच्या मिलमधली सुपरवायझरची नोकरीसुद्धा तिने शार्दूलविक्रीडितात कोंबली होती आणि मात्रा एकही सांडली नव्हती.

आणि मग तिच्याच मुलीचं लग्न ठरलं.

फुईने त्या दिवसापासून सराव सुरू केला आणि त्याच दिवसापासून तो बंदही पडायला लागला. ‘तापीच्या तटि जो वसे परिजनी’ इथवर ठीक. पुढच्या ओळीत लेकीचं नाव होतं. ते आलं की गळा दाटायचा, पदर डोळ्यांना जायचा, आणि तापीचा तट तसाच राहायचा.

“गल्लीनी समदी पोरी मी सासरले धाडी,” ती म्हणाली, “आन मन्ही पोरले मीच नही म्हनाव का?”

इथे मी तोंड उघडलं. मी तेव्हा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो, म्हणजे माझ्यापेक्षा एक धडा मागे असलेल्यांना पुढे ढकलत होतो. घरी हप्त्यावर घेतलेला कॉम्प्युटर होता, त्याच्यावर आईने क्रोशाचं आवरण घातलेलं होतं आणि माझ्या डोक्यात हवा.

“फुई, आधीच रेकॉर्ड करून ठेवू. मागे म्युझिक, पुढे तुझा आवाज. लग्नात फक्त बटण दाबायचं. तू खुशाल रड.”

म्युझिकसाठी मित्राचा कीबोर्ड आणला. मंगलाष्टकांना ताल नसतो हे मला माहीत होतं. पण तालाची एवढी बटणं समोर असताना एकही न दाबणं माझ्याच्याने झालं नाही. त्यातल्या त्यात सोज्वळ वाटला तो ‘स्लो डिस्को’. वर सनईचा आवाज लावला. ती सनई थोडी रिव्हर्स येणाऱ्या टेम्पोसारखी वाजायची, पण टेम्पोही मंगलकार्याला लागतोच.

आता अडचण लूमची. आमच्या भिंतीला लागून कापड विणायचा कारखाना, खटाखट खटाखट अखंड. तो थांबायचा फक्त लाइट गेली की. आणि लाइट गेली की कॉम्प्युटरही थांबायचा. शांतता आणि वीज या दोघी आमच्या गल्लीत कधी एकत्र आल्याच नाहीत. त्या काळात घराघरात धागा कटिंगला, म्हणजे लोंबते धागे कापायला, आलेल्या साड्यांचे गठ्ठे पडलेले असायचे. आमच्याही होते. मी त्या गठ्ठ्यांची चार बाजूंनी भिंत रचली, वर गोधडी टाकली, आत स्टूल ठेवलं आणि मे महिन्यात फुईला त्या स्टुडिओत बसवलं.

“हाई काय शे रे? माले मुरवा घाली राहिना का?”

दुसरी अडचण साउंडकार्डची. त्याला एका वेळी एकच काम जमायचं, ऐकवणं नाहीतर ऐकणं. आमच्या घरातली बरीच माणसं तशीच असल्यामुळे मला नवल वाटलं नाही. मी तोडगा काढला. म्युझिक कॅसेटवर उतरवलं, जुन्या टेपवरून इअरफोनने फुईच्या कानात सोडलं, आणि कॉम्प्युटरवर फक्त तिचा आवाज घेतला. नंतर कॉम्प्युटरवर दोन्ही एकमेकांवर बसवायचे. गंमत म्हणजे गोधडीखालच्या अंधारात, लेक समोर नसताना, फुईचा गळा एकदाही दाटला नाही. सात मंगलाष्टकं घामाच्या धारांत पार पडली. आठव्याच्या शेवटी, ‘सावधान’च्या आधीच, गठ्ठ्यांची एक भिंत तिच्या अंगावर आली. ती काय ओरडली ते पुढे येईलच. मी म्हटलं, असू दे, पहिल्या मंगलाष्टकातलं सावधान उचलून शेवटी डकवतो. डकवलं. मग पहिलं मंगलाष्टक ऐकलं. आवाज आणि म्युझिक अगदी गळ्यात गळा घालून चाललेले. माझाच ऊर इतका भरून आला की उरलेली सात ऐकायची गरज वाटली नाही.

जुन्या टेपचा पट्टा सैल होता आणि तो टेप हळू चालायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलासुद्धा.

लग्नाला मैदानात मांडव. वऱ्हाड बारडोलीचं. कॉम्प्युटरवर जुळवलेलं सगळं मी नव्या कॅसेटवर उतरवून आणलं होतं. अंतरपाट धरला, मी मांडवातल्या टेपचं बटण ऐटीत दाबलं. डिस्को सुरू झाल्यावर भटजींनी माझ्याकडे पाहिलं. ती दाद समजून मी मान डोलावली. साड्यांच्या भिंतीतूनही लूमचा खटका बारीक आत आला होता, मांडवातला एक लूमवाला म्हणाला, “सुट्टी लिसन उनू, तरी लूम मांगे उनंच!”

पहिलं सावधान वेळेवर आलं. दुसऱ्याला म्युझिक थांबलं, लोकांनी अक्षता टाकल्या, मग हळू टेपच्या चालीवर म्हटलेलं सावधान आलं. लोकांनी सज्जनपणे पुन्हा टाकल्या. चौथ्याला डिस्को पुढच्या मंगलाष्टकात आणि फुई मागच्यात. कशावर टाकायच्या ते कळेना, म्हणून लोक दोन्हींवर टाकू लागले. सहाव्यापर्यंत निम्म्या मांडवाच्या मुठी रिकाम्या. आठव्याच्या मध्यावर म्युझिक संपूनच गेलं, त्यामुळे पुढचं अगदी स्वच्छ ऐकू आलं. मंगलाष्टक शेवटाला आलं, आणि फुईचा आवाज मैदानभर घुमला:

“मरी गऊ रे! मन्हं डोकं शिजी गयं, बाहेर काढ माले!”

आणि लगेच, गोड स्वरात: “शुभमंगल सावधान.”

बँडवाल्यांना एवढंच हवं होतं. त्यांनी दणका दिला. अंतरपाटाचं एक टोक सुटलं, नवरदेवाने माळ उचलली.

“थांबा!” भटजी ओरडले. “याला लग्न लागलं म्हणत नाहीत!”

“सावधान झालं ना पण?” वराचे मामा.

“त्याच्या आधी काय झालं ते ऐकलंत का?”

“बाहेर काढ म्हणाल्या. कुणाला उद्देशून म्हणाल्या?”

अंतरपाटामागे नवरी खाली मान घालून गदगदा हलत होती. बारडोलीच्या बायकांना वाटलं, पोर रडतेय. मला ती लहानपणापासून माहीत होती. ती हसत होती.

फुई इतका वेळ ठरल्याप्रमाणे कोपऱ्यात पदर हातात घेऊन रडायच्या तयारीत बसली होती. ती उठली. पदर कमरेला खोचला. माझ्या हातातून माइक हिसकावला.

“धर रे तो अंतरपाट! सरळ धर!”

आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्यावर डोळे रोखून. तापीचा तट गेला, लेकीचं नाव आलं. तिने ते नाव असं खणखणीत उच्चारलं की जणू मला शिवी देत होती. आठही मंगलाष्टकं, ना हुंदका, ना कंप. प्रत्येक सावधान माझ्या दिशेने फेकलेलं. अक्षता कुणाकडेच उरल्या नव्हत्या. शेवटच्या सावधानला शेजारच्या गुजराती काकांनी खिशातली वरियाळी उधळली, आणि आमचे जावई डोक्यावर बडीशेप घेऊन संसाराला लागले.

मला वाटलं, चला, फुईचं काम तर झालं. तिला न रडता म्हणायचं होतं, तिने न रडता म्हटलं. पाठवणी झाल्यावर मी जरा जवळ सरकलो, शाबासकीची फारशी आशा नव्हती, पण निदान मार चुकावा म्हणून.

ती मांडवातल्या रिकाम्या खुर्चीवर बसली होती. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. मग म्हणाली, “तुन्हामुळे माले पोरना लगनमा रडताबी नही उनं.”

तेवढं बोलून तिने पदर डोळ्यांना लावला. मी शेजारची खुर्ची ओढून बसलो. समोर टेपमध्ये कॅसेट अजून तशीच होती. ती म्हणाली, “लाव रे ते. ते ‘बाहेर काढ’ वालं.”