तारखेकडून कापलेल्या पट्ट्या

मुलुंड पश्चिमेला आमच्या शेठचं सगळ्यात जुनं औषधाचं दुकान. घाटकोपरला दुसरं, अंधेरी आणि बोरिवलीला आणखी एकेक. चारही दुकानांवर सारखीच हिरव्या अक्षरांची पाटी. बारावी सायन्स होऊन मी मुलुंडच्या काउंटरवर लागलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. सकाळी साडेआठ ते दीड, मग साडेचार ते साडेनऊ. मधले तीन तास सुट्टीचे, म्हणजे त्यांचे पैसे नाहीत. पण तेवढ्यात लांबचा माणूस घरी जाऊन येणार कधी? शटर अर्धं खाली ओढून आम्ही काउंटरमागे पुठ्ठे पसरायचो आणि आडवे व्हायचो. दुकान उघडं असताना मात्र बसायचं नाही. गिऱ्हाईक असो, नसो. "बसलेला माणूस दिसला की लोकांना वाटतं, धंदा नाही," असं मॅनेजर सांगायचे. गल्ल्यावर ते स्वतः बसत, पण त्यांचं बसणं हे काम होतं.

पर्मनंट माणसाला महिन्याचा पगार, पी.एफ., आठवड्याची भरपगारी सुट्टी, दिवाळीला बोनस. बाकीच्यांना रोजचे सोळा रुपये, आणि नाही आलात तर खाडा. माझे वडील चांगल्या कंपनीत होते. घर माझ्या सोळा रुपयांवर चालत नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याला गरिबीची सबब नाही.

माझ्या शेजारच्या काउंटरवर काका असत. मालवणकडचे, पंचेचाळिशीचे, भांडुपच्या डोंगरावर खोली. संपात गिरणी गेली ती गेलीच, आणि कुणाच्या तरी ओळखीने ते इथे आले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. तरी चिठ्ठी मॅनेजरने एकदा वाचून दाखवली की काकांचा हात बरोबर त्या खोक्यावर जायचा. रंग, खोक्याचा आकार, फळीवरची जागा, सगळं पाठ.

"काका, तुम्ही वाचता कसं हो?" मी एकदा विचारलं.

"मेल्या, लुमावर हजार धागे असतत. त्यांवर काय नावां लिवलेली असतत?"

तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेले काका दीड वर्ष रोजावरच होते. पण त्या वर्षी शेठने कबूल केलं होतं, मुलुंडची एक जागा दिवाळीला पर्मनंट करायची. ती काकांचीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बायकोला मधुमेह होता. पर्मनंट झाल्यावर सरकारी विम्याचं कार्ड मिळणार होतं, दवाखाना फुकट. हा हिशेब त्यांनी मला इतक्यांदा ऐकवला होता की मी चिडवायचो, "काका, कार्ड मिळालं की फ्रेम करून लावा, फार्मासिस्टच्या सर्टिफिकेटशेजारी." फार्मासिस्ट महिन्यातून एकदा सह्या करायला यायचा. भिंतीवर सर्टिफिकेट मात्र रोज हजर असायचं.

आता पट्ट्यांचं सांगतो. गोळ्यांच्या पट्टीवर मुदतीची तारीख एकाच टोकाला ठोकलेली असते. गिऱ्हाईकाला दहातल्या चारच गोळ्या हव्या असल्या, तर पट्टी दुसऱ्या टोकाकडून कापायची. तारखेची बाजू शेवटपर्यंत आपल्याकडे राहिली पाहिजे. पहिल्या दिवशी मॅनेजरने हेच शिकवलं होतं. उरलेले तुकडे आपापल्या खणात ठेवायचे. बिनतारखेचा तुकडा विकता येत नाही, कंपनी परत घेत नाही. तो ज्याच्या खणात सापडेल त्याच्या पैशांतून कापून जायचा.

भाद्रपदात तापाची साथ होती. एक माणूस रजेवर, म्हणून दोन काउंटर मी एकटाच सांभाळत होतो. काका मागच्या गोदामात खोकी उतरवत होते. संध्याकाळी सातच्या सुमाराला माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. मॅनेजर बाहेर गेले होते, म्हणून मी डावं कोपर काउंटरवर टेकलं आणि तसाच कलून कात्री चालवत राहिलो. कललेल्या हातात पट्टी उलटी धरली जात होती. ते माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खण आवरताना दिसलं. सात तुकडे, तारखेविना. त्यातले चार हृदयविकाराच्या महागड्या गोळीचे.

सात तुकड्यांचे कितीसे कापले असते? पाच-सहा दिवसांचा रोज. मला ते परवडलं असतं. मी मॅनेजरच्या बोलण्याला भ्यायलो. सगळ्यांसमोर ते म्हणायचे, "बारावी सायन्स ना रे तू?" एवढंच. त्या एका वाक्याला मी भ्यायलो. दुकानात अजून कुणी नव्हतं. मी ते तुकडे काकांच्या खणात, मागच्या बाजूला सरकवले. वाटलं, तिथे पडून राहतील, दोन-चार दिवसांत काहीतरी करू.

चौथ्या दिवशी मॅनेजरनी खण तपासले. दिवाळी जवळ आली की ते तपासत, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं आजवर मी स्वतःला सांगत आलो, पण माहीत होतं.

"काका, हे काय?"

काकांनी तुकडे हातात घेतले, उलटेपालटे केले. "ह्ये... मी कापले?"

"मग मी कापले? तुमच्या खणात आहेत."

"तारखेची बाजू मी ठेवतंय साहेब. बोटान चाचपून ठेवतंय, ठोकलेली लागता हाताक."

"सात सात तुकड्यांत लागली नाही होय?"

मी त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर उभा होतो. माझ्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली होती आणि मी ती फडक्याने पुसत होतो. स्वच्छ बाटली. काकांनी माझ्याकडे बघितलं, संशयाने नव्हे, उलट आधारासाठी. मग मान खाली घालून म्हणाले, "माझीच चूक असतली. इंग्रजी येणा नाय, काय करतलंय."

पैसे कापले. शेठचा निरोप आला: काकांचं पुढच्या दिवाळीला बघू.

त्या दुपारी शटर ओढल्यावर काका माझ्या पुठ्ठ्याशेजारी येऊन बसले. "झिला, माका अक्षरां शिकव रे. तुका वेळ असलो तर."

मी शिकवलं. रोज दुपारी अर्धा तास, रिकाम्या खोक्यांवरून. महिन्यांची नावं, आकडे, मुदतीच्या तारखेआधीची 'EXP' ही तीन अक्षरं. शिकवायला मी मन लावलं. इतकं की मला वाटायला लागलं, फेड होतेय. कितीदा तरी तोंडाशी आलं. पण ते म्हणायचे, "तुझ्यासारखो कोण वेळ काढता आजकाल?" आणि मी पुढचं खोकं उचलायचो.

ते शिकलेही. पण जे आधी होतं ते गेलं. काकांचा हात आता सरळ खोक्यावर जात नसे. खोकं काढायचे, अक्षर अक्षर वाचायचे, मला दाखवायचे. "ह्याच ना रे?" पट्टी कापण्याआधी तीनदा फिरवायचे. काउंटरवर माणसं खोळंबायची. एक बाई वैतागून म्हणाली, "अहो, गोळ्या देताय की परीक्षा?" मॅनेजर हसले. काकाही हसले आणि पट्टी पुन्हा माझ्याकडे धरली.

पुढच्या दिवाळीआधी शेठ स्वतः आले. काकांना बोलावलं. मी गोदामाच्या दाराशी होतो, सगळं ऐकू येत होतं.

"करायचं का पर्मनंट? मॅनेजर म्हणतात, हल्ली तुम्ही मंद झालात."

"नको साहेब," काका म्हणाले. "औषधाचा काम आसा. माझ्या हातान चूक झाली तर कोणाच्या तरी जीवार येतला. माका खोकी वाहूचा काम द्या."

तेव्हा मी आत जाऊ शकलो असतो. चार पावलं होती.

काका मुलुंड ते घाटकोपर हातगाडीने खोकी नेऊ लागले. रोज तेरा रुपये. मुलुंडची जागा मोकळी होती, ती मला मिळाली. विम्याचं कार्ड, पी.एफ., सगळं. ती जागा हवी म्हणून मी तुकडे सरकवले नव्हते. पण मिळाली तेव्हा घेतली.

महिन्याभराने मला माल मोजायला घाटकोपरला पाठवलं. काका गाडी उतरवत होते. मला बघताच त्यांनी तिथल्या माणसांना हाक मारली. "ह्यो बघा, ह्येनी माका वाचूक शिकवला. रोज, स्वतःची झोप मोडून." तिथला एकजण म्हणाला, "वा! मास्तर आहात की." काकांनी एक खोकं उचलून माझ्यासमोर धरलं, तारखेवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचून दाखवली. बरोबर वाचली.

मी "बरोबर" म्हणालो. खोकी मोजली, पावतीवर सही केली आणि निघालो.