कुजबुजीची नळी

मेहिटेबल कधी बसलेली दिसलीच तर ती सभाघरात, रविवारच्या प्रवचनाला. आणि बसली की तिला डुलकी लागायचीच. झोपणाऱ्यांना लांब काठीने ढोसायला आमच्या सभाघरात एक माणूस नेमलेला होता, पण तिच्यापाशी आला की तोसुद्धा आढ्याकडे बघत पुढे सरकायचा. बाई किती राबते ते नदीकाठच्या अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिच्या भावाला, ओबेडला.

ओबेडची बायको धाकट्या मुलीच्या, लोइसच्या, बाळंतपणात गेली. मेहिटेबल तेव्हा बाविशीची. "लेकरू चालायला लागेपर्यंत राहा गं," ओबेड म्हणाला. लेकरू चालायला लागलं, पळायला लागलं, त्याचे दुधाचे दात येऊन पडलेसुद्धा. मेहिटेबल आपली तिथेच, चुलीपाशी. मक्याचं पीठ शिजव, खारवलेलं मांस उकळ, सूत कात, मेणबत्त्या ओत. सगळ्यांची पोटं भरली की उभ्याउभ्या दोन घास गिळायचे, की पुन्हा कामाला.

ओबेड गावचा पंच. नियमांचा त्याला भारी सोस. एकट्या माणसाने वेगळं घर करून राहायचं नाही, हा नियम त्यानेच लावून धरलेला. एकटा राहिला की माणूस बिघडतो म्हणे, म्हणून त्याने कुठल्यातरी कुटुंबात, घरधन्याच्या धाकात राहायचं. त्याच नियमाने लाकडी पिंपं बनवणारा जॅबेझ ओबेडच्या घरी राहायला आला. हात फावड्याएवढे, बोलणं जेमतेम.

संध्याकाळी सगळे चुलीभोवती बसत, आणि ओबेड मधोमध, मांडीवर बायबल घेऊन. लग्नाच्या मुलीने परक्या पुरुषाशी एकांतात बोलायचं नाही. पण न बोलता लग्न जमायचं तरी कसं? म्हणून आमच्याकडे लाकडाची पोकळ नळी असते, पुरुषभर लांब. एका टोकाला त्याचं तोंड, दुसऱ्या टोकाला तिचा कान. घरच्यांना दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही. जॅबेझने मेहिटेबलसाठी स्वतः कोरून नळी आणली. घर कान टवकारून बसलंय, ओबेड भुवया चढवून बघतोय, आणि या बाबाने पहिल्याच संध्याकाळी नळीतून विचारलं काय?

"दमलीस का?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "नाही," ती म्हणाली.

रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. त्यातच वर्षं गेली, दोघांचे केस पिकायला लागले. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, "अगं, त्या नळीत आता कोळ्याने घर केलं असेल!" लग्नाचं नाव काढलं की ओबेड म्हणे, "यंदा नको, पोरं मार्गी लागू देत." थोरले दोघे मुलगे तर त्याने केव्हाच परक्या घरी काम शिकायला धाडले होते. आपल्या घरात लेकरं लाडावतात, ती दुसऱ्याच्या शिस्तीत वाढलेली बरी, असं तो सभेत छाती फुगवून सांगायचा.

मग लोइस सोळाची झाली, आणि ओबेडला एकाएकी उदारपणाचा झटका आला. "जा, कर लग्न," तो जेवता जेवता म्हणाला. "मी कुठे अडवलंय?"

लग्न ठरलेल्या माणसालाच गाव जमीन देतं. जॅबेझला ओढ्यापलीकडे तुकडा मिळाला, त्याने घर उभं केलं. तीन रविवार सभाघरात लग्नाचा पुकारा व्हायचा होता. तेवढ्या दिवसांत कुणी हरकत घेतली नाही की झालं. दोन रविवार सुखरूप गेले. मेहिटेबलला आनंद झाला का? झाला असावा. पण जन्मभर ओझं वाहिलेल्या माणसाला ते उतरवतानाही आधी पाठच दुखते.

त्या आठवड्यात एकदा ती कोठारातून भोपळा घेऊन आत आली. चुलीपाशी लोइस उभी होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले, हातात पळी, आणि बाप मागून ओरडतोय, "अजून झालं नाही का?"

"दमलीस का गं?" मेहिटेबलने विचारलं.

"नाही, आत्या," लोइस म्हणाली.

मेहिटेबल भोपळ्यासकट मटकन खाली बसली. ओबेडचा उदारपणा तिला आत्ता कळला. बैल बदलला होता, जू तेच होतं.

ती तशीच ओढ्यापलीकडे जॅबेझकडे गेली. "मी येत नाही," म्हणाली. "मी सुटले तर त्या पोरीची मान अडकते."

जॅबेझने हातातला रंधा बाजूला ठेवला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "इतकी वर्षं थांबलो, मेहिटेबल. आता थांबायचंही त्राण नाही उरलं," तो म्हणाला. मग हातावरचा भुसा झटकत म्हणाला, "पोरीलाच घेऊन ये की. तुझा भाऊच सांगतो ना, लेकरं दुसऱ्याच्या घरी वाढलेली बरी?"

तिसऱ्या रविवारी पुकारा झाला. कुणी हरकत घेतली नाही, पण मेहिटेबल स्वतःच उठून उभी राहिली. "लोइसला शिस्त लावायला आमच्या घरी द्यावं," ती म्हणाली. "माझा दादा म्हणतो, मुलं आपल्या घरात लाडावतात."

"माझी मुलगी!" ओबेड उसळला. "आणि माझ्या जेवणाचं काय?"

"ओबेड, हा तुझाच उपदेश," म्हातारे पंच एल्नेथन म्हणाले. "जाऊ दे पोरीला." मग त्यांनी डोळे बारीक केले. "आणि ती गेल्यावर तुझ्या घरात उरतं कोण? तू एकटाच ना?"

सभाघरात हसायला बंदी आहे. त्या दिवशी बरेच जण खोकले.

नियम तो नियम. लग्न झालं, लोइस आत्याबरोबर गेली, आणि ओबेडला ठेवायचं कुणाकडे, याची चर्चा सुरू झाली. एकाकडे जागा नव्हती, दुसऱ्याकडे सासू आजारी, तिसऱ्याने तर सरळ हातच जोडले. शेवटी गावाने ठरवलं, सख्खी बहीण आहे की!

संध्याकाळी ओबेड गाठोडं घेऊन दारात उभा राहिला. जॅबेझ म्हणाला, "घर तुझं आहे, मेहिटेबल. तू नको म्हणालीस तर मी याला परत पाठवतो."

रागवायचंही बळ तिच्यात नव्हतं. "ये, दादा," ती म्हणाली.

ओबेड आत आला आणि सवयीने चुलीपुढे मधोमध बसला. मेहिटेबल सवयीने पीठ ढवळायला लागली. जॅबेझने दोघांकडे पाहिलं, भिंतीवरची जुनी नळी काढली आणि ओबेडच्या नाकासमोरून तिच्या कानाला लावली.

"आता कशाला ही थेरं?" ओबेड पुटपुटला.

"दमलीस का?" नळीतून आलं.

मेहिटेबलने नळी बाजूला केली.

"हो," ती मोठ्याने म्हणाली. "दमले. लोइस पाळण्यात होती तेव्हापासून दमलेय. रोज दमले आणि रोज खोटं बोलले." तिने पळी ओबेडच्या हातात दिली आणि बाकावर, नवऱ्याशेजारी बसली.

ओबेडने एकदा पळीकडे पाहिलं, एकदा लोइसकडे. लोइस उठली नाही. मग तो उठला आणि ढवळायला लागला. पीठ तळाला लागलं, घरभर वास सुटला, तरी कुणी जागचं हललं नाही. त्या दिवशी सगळ्यांनी करपलेलं खाल्लं, आणि मेहिटेबलने ते बसून खाल्लं.