चार तारा

द्राक्षबागेत औषध फवारल्याचा वास आला की मला कुंडलच्या घराच्या सोप्यावरची ती सकाळ आठवते. नवरा सैन्यात, त्यामुळे घरात मी आणि सासरे दोघंच. मोबाईलवर बघून मी युकुलेले, म्हणजे गिटारसारखं छोटं चार तारांचं वाद्य, शिकत होते आणि नवशिक्यांसाठी सोपी केलेली एक पाश्चात्य शास्त्रीय धून महिनाभर घोटत होते. सासरे बागेतून आले ते अंगाला औषधाचा उग्र वास आणि हातात घड विरळायची कात्री घेऊनच. “घर हाय का तमाशाचा फड? बंद कर ते!” मी म्हटलं, “मामा, एवढी ओळ संपवते.” त्यांनी वाद्य माझ्या मांडीवरून ओढलं आणि चारही तारा एकेक करून कापल्या. मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी सांगलीहून नव्या तारा आणल्या आणि संध्याकाळी त्यांच्यासमोर बसूनच चढवल्या. “या घरात एक तर हे वाजंल, न्हाईतर मी राहीन,” ते म्हणाले. नव्या तारा सारख्या सुरातून उतरत होत्या, तरी मी ती धून शेवटपर्यंत वाजवली. मान वर केली तेव्हा ते वळकटी काखेत मारून मळ्याच्या वाटेला लागले होते. पुढे ते मळ्यातल्या खोलीतच राहिले. मी रोज डबा पाठवायचे, तो रिकामा परत यायचा, पण माझ्याशी ते पुन्हा बोलले नाहीत. सुनेनं सासऱ्याला घराबाहेर काढलं, असं गावात अजून म्हणतात. मी ते कधी खोडून काढलं नाही. त्या संध्याकाळी मला थांबता आलं असतं, आणि मला थांबायचं नव्हतं.