पाटापलीकडची खुर्ची

जेवणं उरकली की इथे दिवे मालवतात आणि सगळी मंडळी टेबलावर डोकं टेकून चक्क झोपतात. तैवानमधली ही पद्धत तबिथा साळवेला भारी आवडली आहे. राहुरीकडच्या तिच्या शाळेत बाकावर डोकं ठेवलेलं पोर दिसलं की बाई त्याला उभं करायच्या, आणि त्या बाई म्हणजे तीच. इथे चर्चच्या हॉलमध्ये खुद्द पाळक चेन घोरताहेत.

तिनेही हाताची उशी केली आहे, पण झोप कुठली यायला! मनात नुसत्या उकळ्या फुटताहेत. आल्यापासून ती काड्यांनी भात खायला शिकली, पाळकीणबाईंची स्कूटर चालवायला शिकली, बाजारात नुसत्या खाणाखुणांनी पेरूचा भाव पाडायलासुद्धा शिकली. रस्त्यात कुणी ‘लाओशी’, म्हणजे बाई, अशी हाक मारली की तिच्या अंगावर मूठभर मांस चढतं. माशी शिंकते ती एकाच ठिकाणी, वर्गात.

तिच्या इंग्रजीच्या वर्गाला चर्चमधले आजी-आजोबा येतात, बहुतेक जोडीनेच. जेवताना त्यांचा असा कलकलाट की कान किटावेत, आणि वर्ग सुरू झाला की सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. लिन आजोबांना तर नाव विचारलं तरी ते नुसते पलीकडे बसलेल्या आजींकडे बघत राहतात. सकाळीच पाळक चेन हसत हसत म्हणाले, “आज दुपारी बघू. नाहीच जमलं तर त्यांना कागदाचे कंदील करायला बसवू.” म्हणजे तबिथाने गाशा गुंडाळायचा. तिला तर इथे राहायचं आहे. हे गाव, हे म्हातारे, ही स्कूटर, तिला सगळं हवं आहे.

पंखा कुरकुरतो आहे. खिडकीबाहेर सुपारीची झाडं हलताहेत. मग तो ऊस असतो, आणि उसाआडून कुणीतरी खोकतं.

हा खोकला ती कुठेही ओळखेल. तिचे वडील, शद्रकअप्पा. त्यांना माती दिली तेव्हा अख्खी मंडळी जमली होती, आणि आता ते हॉलच्या दारात उभे आहेत. पांढरं धोतर, टोपी, चपला हातात.

“सलाम, अप्पा!” तिला नवल वाटत नाही, नुसता आनंद होतो. “विमानाने आलात?”

“न्हाई गं. चालत आलो, पाटाच्या कडंकडंनं.”

“बरं झालं आलात! या, माझा वर्ग बघा.”

ती त्यांना हाताला धरून आत नेते. आत गावचं चर्च आहे. वर पत्रे, खाली लाल सतरंजी, कोपऱ्यात पेटी आणि तबला. डावीकडे पुरुषांत लिन आजोबा, उजवीकडे बायकांत लिन आजी, मधून ये-जा करायची वाट. गावाकडे उपासनेला असंच बसतात. जन्मभर तिने हेच पाहिलं, म्हणून इथेही पहिल्याच दिवशी तिने हातवारे करून सगळ्यांना असंच बसवलं, आणि बिचारे मुकाट बसले.

अप्पा बघत राहतात. “ह्या लोकांना पाटाच्या दोन अंगाला कशापायी बसवलंस?”

“पाट कुठे आहे, अप्पा? ती मधली वाट आहे.”

पण पाटच आहे. पाणी सुटलं आहे. हॉलच्या मधोमध गढूळ पाणी वाहतं आहे आणि त्यातून पेरू वाहत चालले आहेत. अलीकडच्या काठावर सगळे आजोबा, पलीकडे सगळ्या आजी. लिन आजी काहीतरी ओरडून सांगताहेत. लिन आजोबा कानामागे हात धरून उभे आहेत, आणि त्यांना काही म्हणता काही कळत नाही.

अप्पा एक खुर्ची उचलून डोक्यावर घेतात, धोतर खोचतात आणि पाण्यात उतरतात.

“अप्पा, ती बायकांची बाजू! लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे. तवाबी म्हणलेच की.”

म्हणालेच होते. शेवटी शेवटी अप्पांना कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा एका रविवारी ते भर उपासनेत उठले आणि सरळ बायकांत, आईशेजारी खुर्ची टाकून बसले. उजवा कान आईकडे यावा म्हणून खुर्ची तिरकी. चर्चचे पंच कुरकुरले, पोरी फिदीफिदी हसल्या. आई मात्र त्यांच्या कानात गाण्याचा नंबर सांगायची, आणि मग सगळ्यांच्या आधी अप्पांचा खणखणीत आवाज लागायचा.

“तुझ्या आईबिगर मला ऐकूच येत न्हवतं, तबे,” अप्पा पाण्यातून म्हणतात. “आन् ऐकूच न्हाई आलं, तर माणूस बोलंल काय?”

ते पलीकडे पोचतात. लिन आजींशेजारी खुर्ची टेकवतात, मागे सरून बघतात, आणि जराशी तिरकी करतात.

“थांबा ना, अप्पा. वर्ग बघून जा.”

“बघतोय की. तू सुरू तर कर.” ते टोपी नीट करतात. “आन् आईला सांग, माझ्या उजव्या अंगाला तिची जागा धरून ठेवलीय. घाई न्हाई म्हणावं.”

तिला पलीकडे जायचं आहे. ती पाण्यात पाय घालते, आणि दिवे लागतात.

घंटी वाजते आहे. तबिथाचे डोळे ओले आहेत आणि फरशी कोरडी ठणठणीत. आजोबा आपल्या बाजूला जांभया देताहेत, आजी आपल्या बाजूला केस सारखे करताहेत. सगळं झोपेआधी होतं तसंच. फक्त बायकांच्या बाजूला, लिन आजींच्या शेजारी, एक जादा खुर्ची आहे. रिकामी.

“ही इथे कुणी ठेवली?” ती पाळकांना विचारते. पाळक चेन डोळे चोळत मान हलवतात. सगळेच तर झोपले होते.

तबिथा धावतच पुरुषांच्या बाजूला जाते आणि लिन आजोबांना हाताला धरून पलीकडे आणते. आजोबा नेटके गृहस्थ. बसण्याआधी ते खुर्ची सरळ करायला वाकतात.

“नको, नको!” ती मराठीतच ओरडते. “तशीच राहू द्या!”

ते दचकून बसतात. त्यांचा उजवा कान बरोबर आजींच्या तोंडाशी येतो.

“व्हॉट इज युवर नेम?” तबिथा विचारते.

आजी कानात काहीतरी पुटपुटतात. आजोबांचा चेहरा उजळतो. ते छाती पुढे काढून असे गरजतात की पाळकांची उरलीसुरली झोप उडते.

“माय नेम इज लिन! अँड धिस,” ते आजींचा हात वर धरतात, “धिस इज माय वाइफ!”

मागे खुर्च्यांचा खडखडाट होतो. बाकीचे आजोबा आपापल्या खुर्च्या उचलून वाट ओलांडू लागले आहेत.